'आप जैसा कोई'ला हात लावायलाच नको होता?

रीळवेडा: १९८० च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' ज्यांनी कॅसेट झिजेपर्यंत ऐकलंय त्यांनी २०२२ च्या 'अ‍ॅन अ‍ॅक्शन हिरो'मधलं व्हर्जन शेवटपर्यंत ऐकून दाखवावं. नाझिया हसन तेव्हा १५ वर्षांची, लंडनमध्ये राहणारी पाकिस्तानी मुलगी, संगीतकार बिद्दूने तिच्याकडून गाऊन घेतलं आणि तो आवाज ना लताबाईंचा ना आशाताईंचा, जरा नाकातला, जरा झोपाळू, अन् तोच तर गाणं आहे! तो काढला की उरतो फक्त ठेका.

सई_ठाणे: मग डिस्कोत अजून काय असतं हो?? आमच्याकडे हळदीला डीजेने नवीनच लावलं, मावश्या काकवा सगळ्या उठल्या. आणि मूळ मूळ काय करताय, पिक्चरचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं, हे एकच गाणं पिक्चर काढणाऱ्या फिरोज खानने बिद्दूकडून वेगळं करून घेतलं, म्हणजे तेव्हाही ते बाहेरचंच होतं की.

बेसवाला_बंड्या: हळदीला लोक कुकरच्या शिट्टीवर पण नाचतात, तो पुरावा धरू नका 😄 हेडफोन लावून जुनं ऐका. तिचा आवाज एकावर एक दोनदा चढवलाय, त्यामुळे पातळ असूनही भरतो, आणि मागे वाद्यांची गर्दी नाही, जागा मोकळी सोडलीय. नव्यात ती जागाच बुजवून टाकलीय. त्यापेक्षा २०१२ ला 'स्टुडंट ऑफ द इयर'मध्ये नाझियाचंच 'डिस्को दीवाने' घेतलं ते बरं, तिचाच आवाज ठेवला होता.

रीळवेडा: ते तर मला अजूनच खटकलं. बाई २००० साली गेली, अवघी ३५ वर्षांची, आणि तिचा आवाज वर कोथिंबीर भुरभुरावी तसा वापरायचा.

सई_ठाणे: घ्या, आवाज काढला तरी त्रास, ठेवला तरी त्रास. 'लैला ओ लैला' पण 'कुर्बानी'चंच ना, २०१७ ला 'रईस'मध्ये नव्याने केलं, त्यावर कुठे कोण रडलं? कारण ते कांचनने गायलंय हे कुणाच्या लक्षातच नाही. नाझियाला फिल्मफेअर मिळालं, लहान वयात गेली, म्हणून तिचं गाणं देव्हाऱ्यात.

बेसवाला_बंड्या: कांचनचं पटलं, तिच्यावर अन्यायच झालाय. पण 'लैला' हे स्टेजवरून हॉल गाजवायचं गाणं आहे, ऑर्केस्ट्रात कुणीही दणदणीत बाई उभी करा, टाळ्या पडतात. 'आप जैसा' तसं नाही. तयारीच्या गळ्याच्या गायिका ते घेतात आणि दुसऱ्या ओळीलाच मुरकी, म्हणजे गळ्याची छोटी गिरकी, मारतात, की संपलं, कारण नाझिया सरळ गाते, काहीही न सजवता.

सई_ठाणे: म्हणजे मुरकी न मारणारी मिळाली तर रिमेक चालेल ना? रीळवेडा, हो की नाही एवढंच सांगा.

रीळवेडा: मिळाली तर लिंक टाक, ऐकेन. मध्ये रॅप घातला असेल तर मात्र तुझ्याकडेच ठेव.