मदत हवी आहे: एकोणसाठ म्हटलं की ६९ लिहिते

नमस्कार मंडळी. आम्ही रावेरकडचे, घरची केळीची बाग. मुलगी दुसरीत आहे. चिंचोक्यांवर बेरीज छान जमते. बागेत घडाला फण्या किती, फणीला केळी किती, मोजत बसते. पण एकोणसाठ म्हटलं की ६९ लिहिते, कारण कानावर 'साठ' पडतं. २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आलेली 'पन्नास नऊ' ही पद्धत तिला लगेच कळते. आजी मात्र एकोणसाठच म्हणते, आणि बाजारातही तेच लागतं. रागावले तर वही बघूनच रडते. सापशिडीत सोंगटी जाईल त्या घराचं नाव मोठ्याने म्हणायचं, एवढं सुरू केलंय. एकोणतीस ते एकोणनव्वद पक्कं होईल असा खेळ कोणी घरी खेळवलाय का? कसा, ते सविस्तर सांगा ना.