फ्रीमेसन लॉजमध्ये प्रवेश: नेमकं काय होतं आणि काय होत नाही?

सावंतवाडीकर: थोरल्या भावाला मुंबईतल्या एका वकील मित्राने फ्रीमेसन लॉजमध्ये, म्हणजे फ्रीमेसन या जुन्या बंधुत्व-संघटनेच्या स्थानिक शाखेत, यायचं सुचवलंय. आईने धसका घेतलाय: सैतानाची पूजा करतात, एकदा आत गेला की सुटका नाही. प्रवेश कसा होतो? शपथ कशावर? पैसे किती?

फोर्टवाला: पुरुष, सज्ञान आणि परमेश्वर मानणारा हवा, कोणत्या नावाने मानतो हे विचारत नाहीत. एक सदस्य नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. मग काही सदस्य भेटून बोलतात: घरच्यांची हरकत आहे का, वर्गणी झेपेल का. आईंची शंका तिथेच मांडा, लपवू नका.

नंतर गुप्त मतदान. पेटीच्या भोकातून मूठ आत घालून गोळी सोडायची, त्यामुळे कोणाची कुठे पडली ते शेजाऱ्यालाही कळत नाही. पांढरी होकाराची, काळी नकाराची. किती काळ्यांनी नकार होतो ते त्या लॉजच्या उपविधींवर. काही ठिकाणी एकच पुरते, आणि कारण सांगत नाहीत. पुरती ओळख नसताना नाव पुढे रेटलं की इथेच अडतं.

दीक्षेच्या वेळी डोळ्यांवर पट्टी असते, डावा गुडघा उघडा, अंगावर पैसा-दागिना काही नाही. गरीब-श्रीमंत सगळे सारख्याच अवस्थेत आत यावेत म्हणून. शपथ ज्याच्या-त्याच्या धर्मग्रंथावर. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, गुरू ग्रंथसाहिब असे ग्रंथ असतात. मला या संस्थेतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

खर्चात प्रवेश शुल्क, वार्षिक वर्गणी, गडद सूट, पांढरे हातमोजे, सभेनंतरचं जेवण आणि मदतनिधी. आकडा लॉजनुसार बदलतो, सचिवांकडून आधीच लेखी घ्या.

जुनी_पानं: सैतानाचं प्रकरण बरंचसं लेओ ताक्सिल या फ्रेंच लेखकाचं. वर्षानुवर्षं मेसनांविरुद्ध भयकथा छापल्या आणि १८९७ मध्ये पॅरिसच्या भर सभेत सगळं रचलेलं होतं असं स्वतःच जाहीर केलं. कबुली विसरली गेली, कथा राहिल्या. इल्युमिनाटी ही गुप्त संघटना वेगळी: १७७६ मध्ये बव्हेरियात निघाली, दहा वर्षांच्या आत सरकारने बंदी घातली. आज 'इल्युमिनाटीत या, श्रीमंत व्हा' असे मेसेज पाठवून पैसे मागणारे निव्वळ ठग. लॉजशी त्यांचा संबंध नाही.

मुंबईत तर १८४३ मध्येच 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हे लॉज भारतीयांना सदस्य होता यावं म्हणून निघालं. भारताचं स्वतंत्र ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची वरची संस्था, १९६१ चं.

मांडवी_काठ: गोव्यातल्या कॅथलिक वाचकांसाठी एक भर. चर्चची मनाई १७३८ पासूनची, आणि १९८३ मध्ये व्हॅटिकनने ती कायम असल्याचं स्पष्ट केलं. सदस्य झाल्यास कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र प्रसाद, घेता येत नाही. ही अफवा नव्हे. कॅथलिक माणसाने आधी हा विचार करावा.

सावंतवाडीकर: आम्ही हिंदू, तेव्हा तो प्रश्न नाही. पण सोडायचं झालं तर? आणि धंद्याला फायदा होतो का?

फोर्टवाला: सोडायला सचिवांना पत्र द्यायचं, थकबाकी भरायची, बाकी नसल्याचा दाखला घ्यायचा. पुढे दुसऱ्या लॉजमध्ये जायचं झालं तर तो लागतो. ओळखीच्या खुणा आणि विधीतले शब्द बाहेर सांगायचे नाहीत, एवढं बंधन उरतं. आपण सदस्य आहोत हे मात्र खुशाल सांगता येतं.

धंद्यासाठी जाणार असेल तर भावाला आत्ताच थांबवा. स्वार्थासाठी येत नाही असं अर्जदाराकडून वदवून घेतात, आणि सभेत धर्म-राजकारणावर वाद घालायला मनाई असते. उरतो तो पाठ करायचा विधी, दानाचं काम आणि नेमाने हजेरी. हजेरीला कंटाळून वर्गणी थकवणाऱ्याचं नाव शेवटी कमी होतं.