स्कॅनर महागडा की साधा डोंगल?
गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचायला दहा हजारांचा स्कॅनर घेऊ की गाडीला लावून मोबाईलवर कोड दाखवणारा ब्लूटूथ डोंगल, असं विचारलंत. घरच्या एका गाडीला डोंगल पुरे. फक्त ईएलएम३२७ या डोंगलमधल्या चिपची अगदी फुटकळ नक्कल नको, मधेच कनेक्शन सोडते. आयफोन असेल तर वाय-फाय किंवा बीएलई (कमी वीज खाणारं ब्लूटूथ) असलेलाच बघा. एबीएस (ब्रेकची यंत्रणा), एअरबॅगचे कोड यात सहसा दिसत नाहीत. ते हवे असतील तरच खिसा मोकळा करा.

आणि आपल्या मालवण-वेंगुर्ल्याकडे कोड आला म्हणून लगेच सेन्सर आणायला धावू नका हो! उदाहरणार्थ पी०१३५ हा कोड म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या (गाडीच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटरच्या सर्किटमध्ये बिघाड. त्यात फ्यूज, वायरही आली. खाऱ्या हवेनं कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, वर उंदीर वायरी कुरतडतात ते वेगळंच. आधी सेन्सरचा कनेक्टर काढून बघा. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा (कोड आला त्या क्षणीच्या इंजिनच्या नोंदीचा) स्क्रीनशॉट घ्या, कोडसोबत तीही पुसली जाते.