मदत हवी आहे : मै झियादे यांचे अनुवादित लेखन

नमस्कार. १८८६ साली नाझरेथमध्ये जन्मलेल्या आणि पुढे कैरोत वडिलांच्या ‘अल-महरूसा’ या वृत्तपत्रातून लिहू लागलेल्या अरबी कवयित्री व पत्रकार मै झियादे यांच्याविषयी मला आमच्या वाचनमंडळात बोलायचे आहे. १९११ साली फ्रेंच कवितांचा पहिला संग्रह त्यांनी ‘आयसिस कोपिया’ या टोपणनावाने काढला. दर मंगळवारी त्यांच्या घरी भरणाऱ्या बैठकीला इजिप्तचे लेखक ताहा हुसेनही येत. तरीही खलील जिब्रानची कधी न भेटलेली पत्रमैत्रीण एवढीच त्यांची ओळख जिथे-तिथे आढळते, हे मला खटकते. त्यांचे निबंध, विशेषतः स्त्रियांविषयीचे, मराठी, हिंदी किंवा इंग्रजीत कोणी वाचले असल्यास अनुवादक व प्रकाशक कळवाल का? शिवाय नाव ‘मै’ लिहावे की ‘मे’? (‘मे’ म्हटले की महिनाच आठवतो.)