दार उघडलं, पण ऑर्डर?

‘शस्त्रनिर्मितीत खासगी कंपन्यांना दार उघडलं की स्पर्धा आपोआप येते’ असं म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. दार २००१ मध्येच उघडलं होतं, २६ टक्के परदेशी गुंतवणुकीसकट. पण देशात तोफांचं गिऱ्हाईक एकच, सरकार. त्याने मागणीच नोंदवली नाही तर कारखानदार कशाच्या भरवशावर पैसा अडकवणार? स्वीडनच्या बोफोर्स तोफांचा करार १९८६ चा. त्या तोफांचे आराखडे आपल्या हाती होते, तरी त्यांवर बेतलेली ‘धनुष’ तोफ जबलपूरच्या सरकारी कारखान्यातून लष्कराकडे यायला २०१९ उजाडलं.

दुसरं उदाहरण एटॅग्ज या देशी बनावटीच्या, वाहनाने ओढून न्यायच्या तोफेचं. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने २०१३ मध्ये हे काम हाती घेतलं ते भारत फोर्ज आणि टाटा या दोघांना सोबत घेऊन. मार्च २०२५ मध्ये ३०७ तोफांचा, सुमारे ६,९०० कोटींचा करार झाला, तेव्हा कमी बोलीच्या भारत फोर्जला ६० टक्के आणि टाटांना ४० टक्के काम मिळालं. मागे पडलेल्याचीही उत्पादनव्यवस्था जिवंत राहिली, हे मला फार मोलाचं वाटतं. तरीही बारा वर्षं! एवढा काळ ऑर्डरविना तग धरणं मोठ्यांना जमतं, सुटे भाग करून देणाऱ्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना नाही. पुढची मागणी कधी आणि किती, हे त्यांना आत्ताच कळायला हवं.