लग्नाचे अन् पोर्टफोलिओचे फोटो काढणाऱ्यानं सिनेमाच्या नादी लागावं का? (रस मेयरबद्दल विचारायचंय)

सेलूचा_लेन्सवाला:
राम राम मंडळी. सेलूत माझा छोटा स्टुडिओ आहे, सीझनला लग्नं, प्री-वेडिंगला दौलताबाद नाहीतर खुलताबाद, आणि दोन वर्षं झाली संभाजीनगरच्या पोरापोरींचे पोर्टफोलिओ शूट करायलो, ग्लॅमर टाईप. घरी वडलांना 'जाहिरातीचं काम' एवढंच सांगितलंय. आता डोक्यात सिनेमाचा किडा घुसलाय. नेटवर रस मेयर नावाच्या अमेरिकन माणसाचं वाचलं, प्लेबॉय या तिकडच्या ग्लॅमर मासिकाचे फोटो काढायचा आणि मग डायरेक्टर झाला म्हणे. त्याला कशामुळं जमलं ते कुणी सांगा. दोस्त म्हणायलेत फोटोवाल्याला फ्रेम कळती, गोष्ट कळत नाही.

नांदेडचा_जुना_प्रेक्षक:
भाऊ, त्याची सुरुवात प्लेबॉयपासून नाही, आईपासून आहे. जन्म १९२२, कॅलिफोर्नियातलं सॅन लिआंड्रो. पोरगा शाळेत असताना आईनं लग्नाची अंगठी गहाण टाकून त्याला ८ एमएमचा, म्हणजे छोट्या फिल्मवर शूटिंग करायचा कॅमेरा घेऊन दिला. आपल्याकडं कुणी कॅमेऱ्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकलं तर अख्खी गल्ली जमा होईल. पुढं दुसऱ्या महायुद्धात तो लष्कराच्या फोटो कंपनीत, युरोपात आघाडीवर शूटिंग करायचा. रिटेक नाही, लाईट नाही, आहे त्यात उरकायचं, म्हणजे आपल्या वरातीसारखंच, फक्त फटाक्याच्या जागी गोळ्या. घरी आला तर हॉलिवूडनं दारात उभं केलं नाही. मग सॅन फ्रान्सिस्कोकडं कंपन्यांच्या माहितीपटांवर पोट भरलं आणि बाजूला ग्लॅमरचे फोटो. १९५५ च्या जूनमधला प्लेबॉयचा सेंटरफोल्ड, म्हणजे अंकाच्या मधल्या पानांवरचा मोठा फोटो, त्यानंच काढलेला, आणि मॉडेल म्हणजे त्याचीच बायको ईव्ह.

१९५९ ला 'द इम्मॉरल मिस्टर टीज' काढला. हिरो लष्करातला जुना दोस्त. खर्च साधारण २४ हजार डॉलर, शूटिंग चार दिवसात, आणि कमाई दहा लाख डॉलरच्या वर! यातली गंमत बघ, पात्रं बोलतच नाहीत, वरून नुसतं निवेदन, म्हणजे सेटवर साऊंडची कटकटच नाही. कॅमेरा, डायरेक्शन, एडिटिंग सगळं स्वतः. कॅमेरा तो फारसा हलवायचा नाही, फोटोसारखी घट्ट फ्रेम लावायची आणि कात्री मात्र धडाधड. तुझे दोस्त म्हणतात ते अर्धं खरं आहे, त्याला गोष्ट सांगता यायची असं मलाही वाटत नाही, पण फोटोवाल्याची खोड त्यानं एडिटिंगमध्ये वापरून घेतली. आजकाल कॅमेरा हलू न देणारा गिंबल हातात आला की सगळे नुसते नवरीभोवती गरागरा फिरायलेत.

अंबाजोगाईची_मी:
नांदेडचे काका, सगळं खरं, पण त्याला फार डोक्यावर घेऊ नका. आयुष्यभर एकाच अंगकाठीच्या बायका दाखवल्या त्या माणसानं. हां, १९६५ चा 'फास्टर, पुसीकॅट! किल! किल!' मीपण पाहिलाय, त्यातल्या बायका गाड्या पळवतात, पुरुषांना लोळवतात, तेव्हा तो चालला नाही आणि नंतर बायकांनीच उचलून धरला. मला तो आवडला आणि त्याचा रागही आला, दोन्ही. सेलूच्या दादा, तुमच्याकडं येणाऱ्या पोरीला फोटो कुठं जाणार हे आधी सांगता का? आमच्याकडं एकीचा फोटो विचारल्याशिवाय स्टुडिओच्या बोर्डावर लागला, तिचं यायचं-जायचंच बंद झालं घरातून.

लातूर_कट्टा:
एवढं लांब कायला जाता, आपले गौतम राजाध्यक्ष होते की! केमिस्ट्री शिकलेला माणूस, जाहिरात एजन्सीत नोकरी, मग पूर्णवेळ फोटो. नट्यांचे त्यांनी काढलेले चेहरे बघा, अंगप्रदर्शन जवळपास नाहीच, सगळा खेळ उजेडाचा. सिनेमात आले ते लेखक म्हणून, 'बेखुदी' (१९९२, काजोलचा पहिला) आणि 'अंजाम' (१९९४). २०११ ला गेले. पण सिनेमावाले म्हणून त्यांना कोण ओळखतं? फोटोच राहिले.

नांदेडचा_जुना_प्रेक्षक:
ताईंचा मुद्दा मान्य. दादा, लेखी परवानगी घेत जा.
मेयरचं खरं सांगायचं राहिलंच. १९६८ च्या 'व्हिक्सन'नं इतका पैसा ओढला की हॉलिवूडच्याच ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स कंपनीनं बोलावून घेतलं. १९७० ला 'बियाँड द व्हॅली ऑफ द डॉल्स', पटकथा रॉजर ईबर्टची, तोच तो नावाजलेला अमेरिकन सिनेमा समीक्षक. चालला. पुढच्याच वर्षी 'द सेव्हन मिनिट्स' आपटला, कोर्टकचेरीची गोष्ट, नुसतं बोलणं, आणि तिथं त्याची कात्री काय करणार? मग गडी परत आपल्या दुकानात. पण दुकान त्याचं होतं ना! स्वतःच्या पिक्चरांची मालकी त्यानं सोडली नाही, स्वतःच वितरण केलं, आणि व्हिडिओ कॅसेटचा जमाना आला तेव्हा तीच जुनी पिक्चरं पुन्हा विकली. १९७९ नंतर मोठा पिक्चर नाही, २००४ ला वारला, तोवर जुन्या मालावर निवांत. मला विचारशील तर जमलं ते यामुळं, प्लेबॉयमुळं नाही.

सेलूचा_लेन्सवाला:
ताई, सांगत नव्हतो. आता फॉर्म छापून घेतो, मराठीतून.
काका, तुमचं वाचून पोटात गोळा आला. मागच्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाईकाचं अल्बम साँग शूट केलं, गोदावरीच्या काठी, गंगाखेडकडं, तीन दिवस, ४२ डिग्रीत. एडिटपण मीच केलं. सगळा रॉ डेटा हार्डडिस्कसकट देऊन टाकला, त्यांनी चॅनेलवर टाकलं, माझं नाव कुठंच नाही, आणि आता त्याच क्लिपा कापून दुसऱ्या गाण्यात वापरायलेत.

नांदेडचा_जुना_प्रेक्षक:
लिहून काही घेतलं होतंस का?

सेलूचा_लेन्सवाला:
व्हॉट्सॲपवर 'ओके दादा' आणि एक अंगठा.