गावच्या घरी १२ जण, दोन दिवस आणि पाऊस. कुठले पिक्चर लावू?

घावणेवाली:
मंडळी, १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आलीय तर आम्ही सगळे आजीकडे मालवणला जातोय, मालवण म्हणजे मालवणपासून बरंच आत, जिथे मोबाईलला रेंज पाहिजे तर विहिरीच्या कठड्याशी जाऊन उभं रहावं लागतं. काका, आत्या, आम्ही, पोरंटोरं धरून १२ डोकी. भावाने प्रोजेक्टर घेतलाय तो आणतोय. आजी ८१ ची, हिंदी तिला जेमतेम कळतं आणि नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पोरांना भुताचंच हवंय, आणि काकांना 'आमच्या वेळचे' सोडून काही चालत नाही. सगळ्यांनी एकत्र बसून बघावं असं काय लावू? आणि हो, घरात सध्या वाडीच्या वाटणीवरून जरा धुसफूस आहे, तेव्हा भाऊबंदकीची रडारड नको.

कौलारू:
जे बघायचं ते मुंबईतच डाऊनलोड करून ने, तिथे जाऊन करू म्हणशील तर बसशील विहिरीवर. प्रोजेक्टरचा स्पीकर पावसात कौलांखाली अजिबात ऐकू येत नाही, वेगळा स्पीकर ने. चादर ताणून बांध नाहीतर वाऱ्याने हिरो नुसता हलतो. आणि पडवीतला दिवा बंद ठेव, पाकोळ्या येतात. (बंद ठेवलास तरी पडद्यावर येतातच.)

माडाखालचा:
नारबाची वाडी! २०१३ चा, दिलीप प्रभावळकर. म्हाताऱ्याची वाडी खोताला हवी असते, तो म्हातारा मरायची वाट बघत पैसे देत राहतो आणि म्हातारा काही मरत नाही. आजी हसून हसून पडेल. पोरांना मुंज्या लाव, २०२४ चा, त्याचा दिग्दर्शकही तोच, आदित्य सरपोतदार. हिंदी आहे पण भूत कोकणातलंच, आजीला समजवायला लागणार नाही, उलट तीच तुम्हाला समजवेल.

रत्नांग्रीकर:
@माडाखालचा अरे ती वाटणीचं सांगतेय आणि तू वाडीवरचाच पिक्चर सुचवतोस?? धन्य आहेस. माझं मत किल्ला. आईची बदली होते म्हणून कोकणात आलेला मुलगा, त्याचे मित्र, समुद्र, पाऊस. २०१४ ला बर्लिनला मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालेला. संथ आहे, लहान पोरं चुळबुळ करतील, पण मोठे गप्प होतील हे नक्की. आणि श्वास चुकूनही लावू नकोस, सुंदर आहे पण नातवाच्या डोळ्याच्या कॅन्सरची गोष्ट आहे, आजी डोळ्यात थेंब घालतेय ना सध्या.

सोलकढी_डबल:
पिक्चर कशाला बघताय, १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठलीय, मासे आणा, आजीला स्टुलावर बसवा आणि तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं शिकून घ्या. पिक्चर ठाण्यातही दिसतो.

घावणेवाली:
आलो परत. थँक्यू सगळ्यांना, तिखलं पण झालं.

पहिल्या रात्री मुंज्या. पोरं खूश, पण नंतर मागच्या न्हाणीघरात एकटं जायला कोणी तयार नाही. वाटेवर पिंपळ नाहीये, फणस आहे, तर फणसालाही घाबरली. आजी मात्र अर्ध्यात उठली, म्हणे हा खरा मुंजाच नाय.

दुसऱ्या रात्री किल्ला ठरला होता पण पोरांनी आजीला आधीच सांगून ठेवलं की वाडीवर पण एक पिक्चर आहे, मग काय, तिने हट्टच धरला. काका सुरुवातीला खांबाला टेकून उभे होते, बसलेच नाहीत. तेवढ्यात एक पाल चादरीवर चढली आणि बरोब्बर खोताच्या नाकावर येऊन थांबली, हललीच नाही, सगळे इतके हसले की काका पण हसत खाली बसले. आजी प्रत्येक डायलॉगला उत्तर देत होती. आणि मग ऐन रंगात लाईट गेली, इन्व्हर्टर पण दोन मिनिटांत बसला. काळोख, वर कौलांवर पाऊस, कोणीच काही बोलेना. मग आजीचाच आवाज आला, "तो खोत आधी मरतलो बघ. आणि मी पण काय इतक्यात मरूचंय नाय."

काका काही बोलले नाहीत, मेणबत्ती शोधायला आत गेले.

बाकीचा पिक्चर राहिलाय, गणपतीला बघू. शेवट सांगू नका कोणी.